हवामान-संकटावर कलाकृती करताना: विषयाच्या निवडीपासून प्रदर्शनानंतरच्या नोंदींपर्यंत

हवामान-संकटावर काही करायचे ठरवल्यावर कलावंताच्या हातून सर्वांत आधी जी चित्रे उतरतात ती बहुधा सगळीकडे सारखीच असतात: भेगाळलेली जमीन, ज्वाळांनी वेढलेला पृथ्वीचा गोल, हिमखंडावर एकटे उरलेले पांढरे अस्वल. त्यामागची कळकळ खरी असते, तरीही पाहणारा त्यांच्यापुढे थबकत नाही, कारण अशी चित्रे पाहून पाहून त्याची नजर मेलेली असते. दोष कौशल्याचा नसतो. विषय हाताच्या मापाबाहेरचा घेतलेला असतो. संपूर्ण पृथ्वीचे तापणे एका चित्रात, एका रचनेत किंवा एका नृत्यात मावत नाही. एका हिमनदीचे मागे सरणे मावते, एका बेटावरच्या विहिरींचे पाणी खारे होणे मावते, एका झाडाला बहर येण्याची तारीख वर्षानुवर्षे अलीकडे सरकणे मावते. पुढे सांगितलेली पद्धत एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे: मोजता येणारा एकच बदल निवडावा, तो मुळापासून समजून घ्यावा आणि तो ज्या नियमाने घडतो तो नियमच कलाकृतीच्या बांधणीत उतरवावा. चित्रकार, संगीतकार, विणकर, नर्तक, छायाचित्रकार अशा सर्वांना ती आपापल्या माध्यमात वापरता येते.

विषय लहान करणे

मोठे आकडे पार्श्वभूमी म्हणून माहीत असावेत. १८५० ते १९०० या काळातील सरासरीच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. आता ही संख्या ४२० च्या वर गेली आहे. हे आकडे अचूक आहेत आणि नेमक्या त्याच कारणाने ते अंगाला भिडत नाहीत, कारण जागतिक सरासरीत कोणीच राहत नाही. म्हणून विषय निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या बदलाची नोंद कोणी तरी पुरेशी वर्षे, शक्यतो ३० वर्षांहून अधिक काळ, ठेवली आहे का? तो बदल मला स्वतः जाऊन पाहता, ऐकता किंवा हाताळता येईल का? आणि त्याने कोणाचे जगणे बदलते आहे हे मला सांगता येईल का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर विषय योग्य मापाचा आहे असे समजावे.

अमेरिकी कलावंत ईव्ह मोशर यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलेले काम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. समुद्रपातळीपासून १० फूट उंचीची रेषा नकाशावर असतेच; त्यांनी ती खेळाच्या मैदानावर पट्टे आखण्याच्या गाडीने, निळ्या खडूच्या भुकटीत, प्रत्यक्ष रस्त्यांवर आणि पदपथांवर आखत नेली. वाटेत लोक थांबून हे काय चालले आहे असे विचारत आणि त्यातून होणारे संभाषण हा त्या कामाचा अर्धा भाग होता. पुढे २०१२ च्या सँडी वादळात त्या किनारी वस्त्यांत मोठ्या प्रमाणावर पाणी शिरले. या कामात रंग एक, साधन एक आणि माहितीही एकच होती. समुद्रपातळीची वाढ हा अफाट विषय एका माणसाला चालत आखता येईल अशा रेषेवर आणला गेला, म्हणून तो समजला.

माहिती मिळवणे आणि तिच्याशी प्रामाणिक राहणे

जागतिक तापमानाच्या दीर्घकालीन मालिका विनामूल्य उपलब्ध आहेत. नासाची मालिका १८८० पासूनची आहे, तर ब्रिटनच्या हवामान विभागाचे हॅडली केंद्र आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठ यांची संयुक्त मालिका १८५० पासूनची. एखाद्या ठिकाणापुरती माहिती हवी असेल तर त्या देशाचा हवामान विभाग, बंदरातील भरतीमापकांच्या नोंदी, वनविभागाची निरीक्षणे किंवा जुनी रोजनिशी उपयोगी पडते. संगणकावरील तक्ता उघडून लगेच आलेख काढण्याची घाई करू नये. शंभर वर्षांचे शंभर आकडे हाताने एका कागदावर उतरवून काढावेत, असा माझा आग्रह आहे. यात एक दुपार जाते, पण कोणते वर्ष एकदम उसळले, कुठे चढ मंदावला आणि कुठून पुढे एकही थंड वर्ष आले नाही, हे तेवढ्या वेळात हाताला कळते, आणि पुढचे सगळे निर्णय या कळण्यातून घेतले जातात.

वैज्ञानिकांना पत्र लिहिण्यास संकोच करू नये. 'मला हवामानबदलाविषयी सांगा' असे पत्र अनुत्तरित राहण्याची शक्यता अधिक. 'या केंद्रावरील १९७० नंतरच्या रात्रीच्या तापमानाच्या नोंदीत मध्येच दिसणारी उडी खरी आहे की यंत्र बदलल्यामुळे आलेली आहे' असा नेमका प्रश्न विचारला तर उत्तर येते आणि पुष्कळदा त्यातून सहकार्यही सुरू होते. आइसलँडी-डॅनिश कलावंत ओलाफुर एलियासन यांनी ग्रीनलंडचे बर्फ शहरांतील चौकांत मांडले तेव्हा मिनिक रोसिंग हे भूवैज्ञानिक त्या कामाचे सहनिर्माते होते, केवळ सल्लागार नव्हते.

प्रामाणिकपणाचे काही नियम मात्र कलेतही सुटत नाहीत. आलेखाची सुरुवात आपल्याला सोयीच्या वर्षापासून करू नये. एका दिवसाचे हवामान आणि अनेक वर्षांची हवामानस्थिती यांची गल्लत करू नये. एखादे वादळ 'हवामानबदलाने आणले' असे सरसकट म्हणण्याऐवजी तापलेल्या हवेमुळे आणि समुद्रामुळे अशा घटनेची शक्यता किंवा तीव्रता किती वाढली, याचा अभ्यास झालेला असेल तर तो वापरावा. संशयी प्रेक्षकाला एक चूक सापडली की तो सगळी कलाकृती बाजूला सारतो.

नियम रचनेत उतरवणे

माहितीचे चित्र काढणे आणि माहितीने चित्र घडवणे यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात कलावंत आलेखाला सजवतो. दुसऱ्या प्रकारात तो एक नियम ठरवतो आणि मग त्या नियमाला शरण जातो. रेडिंग विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये केलेल्या तापमानपट्ट्या हे याचे सर्वांत साधे उदाहरण आहे: प्रत्येक वर्षाला एक उभी पट्टी, सरासरीपेक्षा थंड वर्षांना निळ्या छटा, उष्ण वर्षांना लाल छटा; आकडे नाहीत, अक्ष नाहीत, शब्द नाहीत. मिनेसोटा विद्यापीठात शिकणाऱ्या डॅनियल क्रॉफर्ड यांनी २०१३ मध्ये हीच गोष्ट चेलोवर, म्हणजे व्हायोलिनसारख्या पण आकाराने मोठ्या आणि खर्जातल्या तंतुवाद्यावर, केली. १८८० पासूनच्या प्रत्येक वर्षाला एक स्वर, सर्वांत थंड वर्षाला चेलोचा सर्वांत खालचा स्वर आणि सुमारे ०.०३ अंश वाढीमागे अर्ध्या स्वराची चढण, एवढाच नियम होता. स्वर खालच्या पट्टीत घुटमळत राहतात आणि अखेरीस वाद्याच्या वरच्या टोकाकडे ओढले जातात. ही चढण संगीतकाराच्या मर्जीने आलेली नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्या रचनेचे सगळे बळ तिथे आहे.

असा नियम ठरवताना तीन निर्णय काळजीपूर्वक घ्यावे लागतात. तुलना कोणत्या सरासरीशी करायची हा पहिला. साधारणपणे ३० वर्षांची सरासरी घेतात आणि ती कोणती घेतली हे सांगतात. दुसरा निर्णय मापाचा: एका अंशाला किती रंगछटा, किती स्वर, नर्तकाची किती पावले. माप फार ताणले तर नगण्य चढउतारही भयंकर वाटू लागतात, फार आवळले तर खरा बदल दिसेनासा होतो. आपल्या माध्यमाची पूर्ण पल्लेदारी, म्हणजे वाद्याची संपूर्ण पट्टी किंवा रंगांची संपूर्ण श्रेणी, माहितीच्या पूर्ण पल्ल्याला देणे हा मला सर्वांत न्याय्य मार्ग वाटतो. तिसरा निर्णय म्हणजे नियम मोडायचा की नाही. मोडायचा नाही. एखादे वर्ष रचनेत बेसूर वाटले तरी ते तसेच ठेवावे, कारण एकदा सौंदर्यासाठी आकडा हलवला की उरलेल्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

नियम दरवेळी आकड्यांतूनच यावा असे नाही. तो निसर्गातील घडणीतूनही घेता येतो, आणि तिथे विषय फार समृद्ध होतो. कॉर्नेल विद्यापीठातील गणिती डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये असे दाखवले की क्रोशाच्या विणकामात ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेले तर अतिपरवलयी प्रतल, म्हणजे कडेला सतत पसरत जाणारा पृष्ठभाग, हातात धरता येतो. करून पाहावे. १५ टाक्यांनी सुरुवात करून प्रत्येक ओळीत दर तीन टाक्यांमागे एक टाका वाढवला तर दहाव्या ओळीअखेर टाक्यांची संख्या अडीचशेच्या आसपास जाते. एवढी लांब कड सपाट राहूच शकत नाही, म्हणून ती झालरीसारखी वळत, दुमडत उभी राहते, आणि हातात जे येते ते काही प्रवाळांच्या आकाराशी हुबेहूब जुळते. मार्गारेट आणि क्रिस्टीन व्हर्टहाइम या बहिणींनी याच नियमाच्या आधारे २००५ पासून क्रोशाचे प्रवाळभित्तीप्रकल्प उभारले, आणि त्यात जगभरातील हजारो हात सहभागी झाले. कोणी दर पाच टाक्यांनी वाढ करतो, कोणी दर दोन टाक्यांनी, कोणी मध्येच नियम बदलतो, आणि प्रत्येकाच्या हातून वेगळी प्रजाती जन्माला यावी तसे होते.

अशा कामात रंगालाही शास्त्रीय अर्थ देता येतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न आणि रंग पुरवते. त्या भागातील उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी सुमारे एका अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो. आतला चुनखडीचा सांगाडा दिसू लागतो आणि उष्णता टिकून राहिली तर प्रवाळ उपासमारीने मरतो. हे माहीत असलेला विणकर पांढरा धागा सजावट म्हणून वापरणार नाही. कोणत्या ओळीपासून रंग सोडायचा, तो एकदम सोडायचा की फिकट करत न्यायचा, काही टाक्यांत रंग परतू द्यायचा का, हे सर्व प्रश्न त्याच्यासाठी खऱ्या समुद्राविषयीचे प्रश्न होतात.

साहित्याने विषयाशी भांडू नये

सिमेंटच्या उत्पादनातून जगातील कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचा सुमारे ८ टक्के भाग येतो. ॲक्रिलिक रंग आणि इपॉक्सी रेझिन ही खनिज तेलापासून तयार होणारी प्लास्टिक द्रव्ये आहेत. म्हणून त्यांचा वापर पूर्णपणे वर्ज्य मानावा असे मी म्हणणार नाही, पण वितळत्या हिमनदीचे शिल्प ताज्या काँक्रीटमध्ये ओतण्यापूर्वी पर्याय तपासले गेले पाहिजेत. ॲक्रिलिकचे कुंचले धुतलेले पाणी गटारात ओतू नये. ते भांड्यात स्थिर ठेवून गाळ खाली बसू द्यावा आणि तो वाळवून घन कचऱ्यात टाकावा.

साहित्य नुसते निरुपद्रवी असण्यापेक्षा ते विषयाचे वाहक झाले तर उत्तम. ब्रिटिश वैज्ञानिक जॉन हर्शेल यांनी १८४२ च्या सुमारास वनस्पतींच्या रसावर सूर्यप्रकाशाने प्रतिमा उमटवण्याचे प्रयोग केले होते. ती पद्धत आजही कोणालाही करता येते. गडद रंगाची पाने किंवा पाकळ्या थोड्या पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये वाटून रस कापडातून गाळून घ्यावा. मंद उजेडात जाड कागदावर त्याचे दोन-तीन हात द्यावेत आणि प्रत्येक हात अंधारात वाळू द्यावा. पारदर्शक फिल्मवर छापलेले छायाचित्र कागदावर ठेवून वर काच दाबावी आणि कडक उन्हात ठेवून द्यावे. येथे प्रकाश रंग उडवतो, त्यामुळे झाकलेला भाग गडद राहतो. म्हणून छायाचित्र उलट्या छटांचे घेऊ नये, सरळच घ्यावे. वनस्पती आणि ऊन यांनुसार प्रतिमा उमटायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. ही प्रतिमा कायम करता येत नाही. ज्या प्रकाशाने ती घडते त्याच प्रकाशाने ती पुढे पुसली जाते. नाहीशा होत असलेल्या कुरणाचे चित्र त्याच कुरणातील पानांच्या रसात उमटवले आणि प्रदर्शनात त्यावर एक कापडी झापड ठेवली, तर ती उचलून पाहणाऱ्या प्रत्येकामुळे चित्र किंचित फिके होईल, आणि हे त्याला आधीच सांगितलेले असेल. झापड उचलायची की नाही हा निर्णय त्याला करावा लागेल.

भीती, शोक आणि उपाय

२०१५ मध्ये पॅरिस येथील हवामान परिषदेच्या काळात भरलेल्या महोत्सवातील ३७ कलाकृतींचा अभ्यास लॉरा सोमर आणि क्रिस्टियन क्लोक्नर या संशोधकांनी प्रेक्षकांना प्रश्नावली देऊन केला. केवळ विनाश दाखवणाऱ्या किंवा केवळ सुखद स्वप्न रंगवणाऱ्या कृतींपेक्षा, उपाय डोळ्यांसमोर उभा करणाऱ्या आणि सौंदर्याने थक्क करणाऱ्या कृतींचा प्रेक्षकांच्या कृतिप्रवणतेशी अधिक संबंध आढळला. यावरून प्रत्येक कलाकृतीत उपाय हवाच असा अर्थ काढणे मला पटत नाही. शोकालाही जागा हवी. आइसलँडमधील ओक्योकुल या हिमनदीचे अस्तित्व संपल्यावर २०१९ मध्ये तेथे भविष्यातील वाचकाला उद्देशून एक धातूची पाटी बसवण्यात आली, आणि तिच्यावर त्या वेळचे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाणही कोरले गेले. हा स्मृतिलेख उपाय सांगत नाही, पण काय घडते आहे आणि काय करायला हवे हे आम्हाला माहीत होते अशी कबुली तो देतो. निराशा दाखवून प्रेक्षकाला तसेच सोडून देणे मात्र टाळावे.

कलाकृती स्वतःच उपायाचा अंश होऊ शकते, आणि या दिशेला अजून पुष्कळ वाव आहे. जर्मन कलावंत योझेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये जर्मनीतील कासल शहरात '७००० ओक' या नावाने ७००० झाडे लावण्याचे काम सुरू केले. प्रत्येक झाडाशेजारी बसाल्टचा एक दगड उभा केला जाई. बॉइस १९८६ मध्ये वारले आणि शेवटचे झाड १९८७ मध्ये लागले. कलावंत ॲग्नेस डेन्स यांनी फिनलंडमध्ये १९९२ ते १९९६ या काळात उभ्या केलेल्या टेकडीवर ११,००० माणसांनी ११,००० झाडे गणिती आकृतिबंधात लावली. असे काम हाती घ्यायचे तर रोपे लावल्यानंतर पाणी कोण घालणार, मेलेली रोपे कोण बदलणार आणि जमिनीचा हक्क कोणाकडे राहणार, हे लेखी ठरवूनच सुरुवात करावी. जागेशी जुळणाऱ्या स्थानिक प्रजाती निवडाव्यात आणि नैसर्गिक गवताळ प्रदेशात झाडे लावू नयेत.

कोणाबरोबर आणि कोणासमोर

पूर, दुष्काळ किंवा विस्थापन सोसलेल्या लोकांविषयी काम करताना त्यांची संमती, मोबदला आणि श्रेय या तिन्ही गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. ज्याचे घर गेले त्याचा चेहरा हे कच्चे साहित्य नाही. तयार काम प्रथम त्यांना दाखवावे आणि त्यांनी हरकत घेतलेला भाग काढून टाकावा, मग तो कितीही प्रभावी असो.

प्रदर्शनाची जागा निवडताना, आधीच पटलेले लोक जिथे येतात त्या दालनाखेरीज आणखी कुठे हे काम जाऊ शकेल, याचा विचार करावा. छायाचित्रकार सुभंकर बॅनर्जी यांनी अलास्कातील आर्क्टिक अभयारण्याची सर्व ऋतूंमध्ये काढलेली छायाचित्रे मार्च २००३ मध्ये सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी अमेरिकी सिनेटमध्ये, तेथील तेल-उत्खननावरच्या चर्चेत दाखवली. ओसाड म्हणून ज्या प्रदेशाचे वर्णन केले जात होते तो सजीवांनी भरलेला असल्याचा तो पुरावा होता. नगरपालिकेची सभा, बंदरावरील प्रतीक्षालय, शाळेचा व्हरांडा, दवाखान्यातील बाकासमोरची भिंत या जागा दालनाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. प्रायोजकाविषयीचा निर्णयही याच टप्प्यावर घ्यावा. लंडनच्या टेट संग्रहालयांचे बीपी या तेलकंपनीबरोबरचे प्रायोजकत्व कलावंतांच्या अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर २०१७ मध्ये संपले. आपल्या कामाच्या पाटीवर कोणाचे नाव येणार हे करारावर सही करण्यापूर्वी विचारलेले बरे.

हिशेब आणि नोंदी

एलियासन आणि रोसिंग यांच्या पॅरिसमधील मांडणीत हिमखंडांच्या वाहतुकीसह सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन झाले, आणि हा हिशेब त्यांनी प्रसिद्ध केला. एवढा खर्च योग्य होता की नाही यावर मतभेद होऊ शकतात. हिशेब उघड ठेवल्यामुळे तो वाद निदान आकड्यांवर घालता येतो. २०२० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या गॅलरी क्लायमेट कोअलिशन या संस्थेने कलाक्षेत्रासाठी विनामूल्य उत्सर्जन-गणकयंत्र उपलब्ध करून दिले आहे. दालनांच्या बाबतीत सर्वांत मोठा वाटा बहुधा विमानाने होणाऱ्या मालवाहतुकीचा, प्रवासाचा आणि इमारतीतील विजेचा असतो. म्हणून वस्तू पाठवायचीच असेल तर जहाजाने पाठवण्याइतका वेळ वेळापत्रकात आधीच राखावा आणि लाकडी पेट्या पुन्हा वापरता येतील अशा बनवाव्यात. जे काम सूचनांवरून दुसरीकडे पुन्हा घडवता येते त्याच्या फक्त सूचना पाठवाव्यात. क्रोशाचे प्रवाळ, तापमानपट्ट्या किंवा चेलोची रचना यांना विमानाची गरज नाही.

काम पूर्ण झाल्यावर त्याच्यासोबत एक नोंदपत्रक जोडावे. त्यात माहितीचा मूळ स्रोत आणि ती उतरवून घेतल्याची तारीख, तुलनेसाठी घेतलेली सरासरी, मापाचा नियम, वापरलेल्या साहित्याचे वजन, वाहतुकीचा मार्ग आणि प्रदर्शनकाळातील विजेचा वापर लिहावा. मालिका पुढे चालू राहणार असल्याने कृतीतही जागा राखावी: विणकामाची शेवटची ओळ बंद न करता टाके पिनेवर ठेवावेत, स्वरलिपीच्या अखेरीस कोऱ्या ओळी सोडाव्यात, रंगपट्टीत आजच्या सर्वांत उष्ण वर्षापलीकडच्या छटा आधीच ठरवून ठेवाव्यात. मागील वर्षाच्या जागतिक तापमानाचे आकडे साधारणपणे जानेवारीत जाहीर होतात; ती भर कोणी आणि कोणत्या महिन्यात घालायची हेही त्याच पत्रकात लिहून ठेवावे.